शेवटच्या फेरीचा खडू

ओल्या फडक्याने पुसलेल्या फळ्याचा वास आला की मला पिंपळनेरची ती दुपार आठवते. जिल्हा परिषदेची मतमोजणी साक्रीला चाले आणि आमच्या चौकातले पेपरवाले आबा फोनवर आलेले आकडे दुकानाबाहेरच्या फळ्यावर फेरीफेरीने लिहीत. फळा कुठल्याच पक्षाचा नव्हता. साक्रीतल्या त्यांच्या दोन माणसांचा आकडा जुळल्याशिवाय ते खडू उचलत नसत. त्या वर्षी त्यांचा सख्खा धाकटा भाऊच उभा होता आणि दर फेरीला मागे पडत होता. शेजारचा चहावाला हळूच म्हणाला, "आबा, आते ऱ्हाऊ द्या ना." आबा म्हणाले, "फळा बठ्ठा गावना शे," सगळ्या गावाचा, आणि लिहीत राहिले. शेवटच्या फेरीच्या वेळी नेमका फोन बंद पडला. उन्हं कलली, तरी चौकातून कुणी हललं नाही. मग साक्रीची एसटी आली आणि तो भाऊ खाली उतरला. गर्दीने वाट दिली. त्याने आबांच्या हातातला खडू घेतला, आधी समोरच्याचा आकडा लिहिला, मग त्याखाली आपला. आता मोबाइलवर निकाल झरझर बदलतात, आणि प्रत्येक आकडा कुठून आला ते मी आधी बघते. त्या दिवशी मात्र आबांनी आकडा जुळवायला दुसऱ्या माणसाची वाट पाहिली नाही.