मला येऊन गेलेल्या कांजिण्या

लेकीला कांजिण्या आल्या तेव्हा धाकटं अगदी तान्हं होतं. त्याला लागण नको म्हणून बायकोला बाळासकट शेजाऱ्यांकडे पाठवलं आणि ऐटीत म्हणालो, "मला लहानपणी येऊन गेल्यात. मी बघतो हिचं."

इथे सौदीत, अल-खोबरच्या रस्त्याकडेचा कडुनिंब ओरबाडून लेकीच्या अंथरुणावर पसरला, खाजवू नये म्हणून राखण केली. ती बरी झाली आणि माझ्या पाठीवर फोड उठले. रत्नागिरीला आईला फोन लावला.

"अरे, त्या तर तुझ्या दादाला आलेल्या! तुला तेव्हा मामाकडे धाडलेलं."

बायको फोनवर एवढंच म्हणाली, "अनुभवी माणसाने आता आराम करावा. बाळ इथेच राहील."

लेकीने ताजा पाला माझ्या चादरीवर पसरला आणि बजावलं, "पप्पा, नो स्क्रॅचिंग!"