घरमालकांना नापास करणाऱ्या नर्सबाई

गडचिरोलीत विद्यार्थ्यांना भाड्याने खोली देणारा असा एकही घरमालक नसेल, ज्याला आमच्या नर्सबाईंनी एकदा तरी नापास केलेलं नाही. घरमालकाने भाडेकरूची चौकशी करावी, ही जगाची रीत. बाईंबरोबर खोली बघायला गेलं की ती उलटी फिरे. घरमालक खुर्चीत आखडून बसलेला, आणि बाई समोर उभ्या राहून विचारताहेत, "घरात दारू कोण कोण पिते?" हा त्यांचा पहिला प्रश्न. "कोणी नाही," असं उत्तर आलं की बाई घरमालकिणीच्या तोंडाकडे पाहत आणि खरं काय ते तिथून वाचून घेत.

नंतर पाण्याची टाकी. साठीच्या पुढे गेलेल्या बाई पदर खोचून लोखंडी शिडीने स्लॅबवर चढत, टाकीचं झाकण उचलून आत डोकं घालत आणि वास घेत. मग न्हाणीघर. त्या आत जाऊन कडी लावत आणि आतून ओरडत, "ढकला!" घरमालकाने दार ढकलायचं. तो बिचारा संकोचाने हळूच ढकली. "जोरानं ढकला! जेवले नाई काय?" असा आतून आवाज येई. शेवटी पिशवीतून रक्तदाब मोजायचं यंत्र निघे. तापट घरमालकाच्या घरी मुलगी ठेवायची नाही, असा त्यांचा नियम होता आणि ताप मोजता येतो अशी त्यांची खात्री होती. एका ठेकेदाराचा आकडा बघून त्या म्हणाल्या, "खोली राहू द्या भाऊ, तुम्ही आधी दवाखान्यात जा." तो चिडला, पण गेला, आणि वाचला. तेव्हापासून दर दिवाळीला त्याच्याकडून बाईंना चिवडा येतो. खोली मात्र त्याने त्यांच्या माणसाला कधीच दिली नाही.

बाई सरकारी नर्स होत्या. एटापल्लीच्या पलीकडे जंगलातल्या आमच्या गावात, उपकेंद्रात, त्यांनी अकरा वर्षं काढली; निवृत्त झाल्यावर त्या गडचिरोलीत राहत आणि आमच्या भागातून शिकायला येणाऱ्या मुलींना खोल्या शोधून देत. माझा जन्म त्यांच्याच हातून झाला आणि त्यामुळे माझ्यात आपला काही हिस्सा आहे असं त्या धरून चालत. माझा बारावीचा निकाल लागला तेव्हा त्यांनी आईला फोनवर सांगितलं, "पोट्टीले घरी बसवशीन तर मी स्वतः येईन तिथी." आई त्यांना घाबरत असे. मला गडचिरोलीच्या कॉलेजात विज्ञान शाखेला प्रवेश मिळाला.

पण वसतिगृहाच्या पहिल्या यादीत माझं नाव नव्हतं. दुसरी यादी कधी लागेल ते कुणी सांगेना, आणि वर्ग तर सुरू झालेले. बाबा मला घेऊन आले ते ऐन रोवणीच्या दिवसांत, भाताची अर्धी बांधी तशीच सोडून. बरोबर लोखंडी पेटी, वळकटी आणि तांदळाचं पोतं. त्यात गावाकडची नदी चढत होती. पूल पाण्याखाली गेला की आमचा रस्ता चार-चार दिवस बंद. बाबांनी गाडीतच सांगून टाकलं, "साडेचारच्या गाडीनं मले परत जाच लागते. तोपर्यंत खोली भेटली तर तू राहाजो. नाई भेटली तर संगं चाल. पुढच्या वर्षी पाहू."

पुढचं वर्ष म्हणजे काय ते मला माहीत होतं. माझ्या आधी गावातल्या दोघी पुढच्या वर्षासाठी थांबल्या होत्या. दोघींच्या कडेवर आता लेकरं होती.

सकाळी दहाला बाई स्टँडवर छत्री घेऊन उभ्या होत्या. "किती वाजता परत जाता?" त्यांनी बाबांना विचारलं आणि उत्तर ऐकून मनगटावरचं घड्याळ पदराने पुसलं. पेटी आणि पोतं ओळखीच्या चहावाल्याकडे ठेवून आम्ही निघालो.

पहिलं घर चामोर्शी रोडवरच्या एका मास्तरांचं. खोली हवेशीर, खिडकीला जाळी. मला तर ती बघताक्षणी आवडली. बाई शिडीवर चढल्या आणि जरा वेळाने खाली आल्या त्या काडीच्या टोकावर मेलेली पाल घेऊन. ती त्यांनी मास्तरांच्या पुढ्यातल्या वर्तमानपत्रावर ठेवली. "हेच पाणी पिता काय तुम्ही?" मास्तर उठले, वर्तमानपत्र चुरगाळलं आणि आम्हाला फाटकाकडे बोट दाखवलं. तीन वर्षं मी पालीचं पाणी प्यायला तयार होते, पण मला कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या घरी न्हाणीघराला दार नव्हतं, पडदा होता. समोरच्या ओसरीत घरमालकाचा तरणाबांड पुतण्या खाटेवर मोबाइल घेऊन पडलेला. बाईंनी पडद्याकडे पाहिलं, पुतण्याकडे पाहिलं. घरमालक म्हणाला, "दोन दिवसांत दार बसवून देतो ना, बाई." बाई म्हणाल्या, "बसवा. मंग पोट्टी येईन." आणि छत्री उघडून चालू लागल्या.

रस्त्यात बाबांना गावाहून फोन आला. पाणी पुलाच्या खाली दोन हातांवर होतं. बाबांनी आभाळाकडे पाहिलं. साडेबारा वाजून गेले होते. माझा धीर सुटला. जन्मापासून ज्यांना घाबरत आले त्या बाईंवर मी भर रस्त्यात ओरडले, "बाई, तुम्ही खोली पाहून राह्यल्या का माझं शिक्षण बंद पाडून राह्यल्या?"

बाबा चपापले. बाई थांबल्या नाहीत. चालता चालताच म्हणाल्या, "माह्या पहिल्या नेमणुकीच्या क्वार्टरले कडी नव्हती. मी एकोणीस वर्साची होती. दोन वर्सं दाराले आतून पाटा लावून झोपली. वरवंटा हाताशी." एवढं बोलून त्या वळणावर वळल्या. त्यानंतर मी त्या दिवशी त्यांना उलट बोलले नाही.

तिसरं घर मिळायला दोन वाजले. घरमालकीण हसरी, चाळिशीची. टाकी स्वच्छ, वरून झाकण दोरीने बांधलेलं. कडी अशी जाड की तिने स्वतःच जोर लावून दार ढकलून दाखवलं आणि खळखळून हसली. रक्तदाब उत्तम. तिने आम्हाला बसवून चहा दिला. बाईंनी यंत्र गुंडाळलं आणि म्हणाल्या, "पास." हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. मी मनातल्या मनात पेटी खिडकीखाली ठेवली, वळकटी उलगडली, पुस्तकं कुठल्या कोनाड्यात ठेवायची तेही ठरवलं.

"आडनाव काय म्हणालात?" घरमालकिणीने बाबांना विचारलं.

बाबांनी सांगितलं. आम्ही बौद्ध. आमच्याकडे आडनावावरून ते लगेच कळतं. ती आपल्या कपातल्या चहाकडे बघत राहिली. "आमचं काही नाही हो," ती म्हणाली. "पण सासूबाई आहेत. आणि ह्या खोलीच्या भिंतीलाच लागून देवघर आहे."

बाबा ताडकन उठले नाहीत. ते सावकाश उठले, जणू हा प्रश्न येणार हे त्यांना सकाळपासून ठाऊक होतं. मला वाटलं, आता बाईंचा स्फोट होईल. पण त्यांनी आमचे तिघांचे कप उचलले, मागच्या मोरीवर नेऊन घासले, विसळले आणि ओट्यावर पालथे घातले. पिशवी खांद्याला लावली. "बीपी चांगलं हाये तुमचं," त्या दारातून म्हणाल्या. "बाकीचं मोजाचं मशीन माह्यापाशी नाई." घरमालकीण पदराशी चाळा करत उभी राहिली. तिला वाईट वाटत होतं, हे मला दिसत होतं. पण तिने आम्हाला मागे बोलावलं नाही.

त्यानंतर दोन घरं झाली. एका ठिकाणी खोली कालच गेलेली, दुसऱ्या ठिकाणी फक्त मुलगे ठेवत. चार वाजता बाबा म्हणाले, "चाला." चहावाल्याकडून सामान उचललं. बाबांनी पेटी गाडीत चढवली, पोतं सीटखाली सरकवलं. मी खिडकीशी बसले. बाई खाली उभ्या, छत्री मिटलेली, डोक्यावर भुरभुर पडतेय याचं भान नाही. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं.

तेवढ्यात बाई गाडीत चढल्या आणि माझ्या मांडीवरची वळकटी ओढली. "उतर."

"कुठी ठेवान बाई तिले?" बाबा म्हणाले.

"माह्या घरी."

बाबा त्यांच्याकडे बघतच राहिले. बाईंचं घर आमच्या भागातल्या कुणीच पाहिलेलं नव्हतं. त्या सगळ्यांना स्टँडवर भेटत, दवाखान्यात नेत, तिथूनच निरोप देत. "मंग सकाळपासून काऊन फिरवून राह्यल्या आमाले?"

"माह्या खोलीत दुसरं माणूस चालत नाई," बाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "घरमालक आधीच कटकट्या हाये."

"तुमीबी भाड्यानंच राहता?"

"मंग काय बंगला बांधला म्या? जिथी बदली तिथी खोली. आता सवय झाली."

कंडक्टर म्हणाला, "बाई, उतरता का तिकीट फाडू?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ते क्षणभरच पाहत होते, पण मला तो क्षण सबंध दिवसाहून मोठा वाटला. मग त्यांनी सीटखालचं तांदळाचं पोतं पायाने दाराकडे ढकललं. "फोन करजो," ते म्हणाले. पेटी खाली देताना त्यांनी बाईंना हात जोडले. गाडी गेली. संध्याकाळी पूल बुडायच्या आत ती पार झाली, असा रात्री फोन आला.

बाईंची खोली पाहून मी थक्क झाले. अख्ख्या गडचिरोलीत त्यांच्या परीक्षेत सपशेल नापास होईल अशी ती एकच खोली असावी. टाकीचं झाकण फुटकं, त्यावर पत्रा. न्हाणीघराची कडी निखळलेली, तिला सुतळी. भिंतीला ओल. पाणी त्या उकळून पीत. मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "माह्यं चालते. मी म्हातारी झाली."

तिसऱ्या दिवशी घरमालक दारात येऊन उभा राहिला. एका माणसाची खोली आहे, ही मुलगी रविवारच्या आत जायला हवी, नाहीतर तुम्हीही जा. बाईंनी लगेच सांगून टाकलं, "दोघीबी जातो." मी रडायला लागले. माझ्यापायी त्यांचं छप्पर गेलं होतं. बाई भांडी पोत्यात भरत होत्या आणि त्यांचा चेहरा चक्क उजळलेला. "बरं झालं. सहा वर्सं झाले, त्याले झाकण बदल म्हणून राह्यली होती."

रविवारी आम्ही एका चक्कीवाल्या म्हाताऱ्याच्या दारात उभ्या होतो. पिठाने पांढऱ्या झालेल्या त्या माणसाने सगळ्या प्रश्नांची शांतपणे उत्तरं दिली, दार जोरात ढकललं, दंडही पुढे केला. या वेळी आडनाव विचारायची वाट बाईंनी पाहिलीच नाही. सामान आत जाण्याआधी त्यांनी माझं आडनाव आणि समाज असा खणखणीत सांगितला की शेजारचा माणूस वळून बघायला लागला.

"बरं," म्हातारा म्हणाला. "पण चक्की सकाळी साताले सुरू होते. पोरीच्या अभ्यासाले तरास होईन. तिले मागची खोली देऊ का?"

बाईंचे प्रश्न संपले.  मग वाकून माझी वळकटी त्यांनी स्वतः उचलली आणि मागच्या खोलीत नेली.

दोन महिन्यांनी वसतिगृहाच्या यादीत माझं नाव लागलं, पण तोवर मीच जायला तयार नव्हते. तीन वर्षं आम्ही त्या मागच्या खोलीत राहिलो. बाई पहाटे भात टाकत आणि मला रसायनशास्त्र मोठ्याने वाचायला लावत. त्यांना त्यातलं कळत काही नसे, पण मी कुठे अडखळले ते बरोबर कळे.

आता मी चंद्रपूरला शिकवते. माझ्या घरात एक जास्तीची खोली आहे. ती मी बाईंसाठीच ठेवली होती. त्या आल्या, गुडघे दुखत असताना टाकी पाहिली, कडी पाहिली आणि चार दिवसांनी परत निघाल्या. "सगळं ठीक हाये इथी. मंग मी करू काय?" त्या खोलीत त्यांनी नंतर एकेक करून मुली पाठवल्या, कुणी परीक्षेला, कुणी नर्सिंगला. मी दर वेळी विचारते, बाई, तुम्ही कधी येता? त्या म्हणतात, "खोली रिकामी झाली का सांगजो."

मागच्या महिन्यात ती खरंच रिकामी झाली. मी त्याच दुपारी फोन केला. "बाई, खोली रिकामी आहे. आता या."  त्या म्हणाल्या, "उद्याच्या सकाळच्या गाडीत बसवते." मी नवी चादर घातली, उंच पाट आणला, म्हणजे त्यांना खाली बसावं लागू नये. त्या 'बसते' म्हणाल्या नव्हत्या, 'बसवते' म्हणाल्या होत्या, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

स्टँडवर गाडी लागली. पेटी आणि वळकटी घेतलेली एक बारीकशी मुलगी उतरली, इकडेतिकडे बघत माझ्यापाशी आली. "भामरागडकडची हाये मी. बाईनं पाठवलं. तुमीच ना?"

मी हो म्हटलं. तिच्या खांद्यावरून मी पुन्हा एकदा गाडीत पाहिलं. शेवटचा माणूस उतरला, कंडक्टरने दार ओढून घेतलं. मग मी तिच्या हातातली वळकटी घेतली आणि आम्ही ऑटो बघायला निघालो.