ज्याची सरकी त्याला

गणूदादाच्या, माझ्या थोरल्या भावाच्या, मरणाचा निरोप मिळाला तशी मी दर्यापूरहून निघाले. अकोल्याला जुन्या शहरातल्या त्याच्या घरी पोचले, तर जिनिंगच्या शेठचा हार माझ्या आधी पोचलेला.

कापसातून सरकी काढणाऱ्या त्या जिनिंग कारखान्यात दादा हेडमिस्त्री होता. तिथली रीत साधी. कापसाची बैलबंडी आली की शेतकऱ्याला नंबराचा पत्र्याचा बिल्ला मिळायचा, त्याचा कापूस वेगळ्या रेच्यावर, सरकी काढायच्या लहान यंत्रावर, चालायचा आणि निघालेली सरकी त्याची त्यालाच परत. पुढच्या पेरणीचं बी तेच. मग शेठ मुंबईला मोठी मशीन बघून आले. सगळ्या बंड्यांचा कापूस ती एकदमच ओढणार.

दादा म्हणाला, "मशीन चांगलीच हाये, शेठ. पण लोक आपल्याकडे येते ते आपली सरकी वापस भेटते म्हणून. हे तर सारं एकात करून राहिली."

"गणपत, तू तेल घाल. धंदा मले समजते."

मशीन पसंत असल्याच्या कागदावर मिस्त्रीची सही हवी होती. दादा ती न करता दर्यापूरला माझ्याकडे आला. मी ज्वारी निवडत होते.

"तुही पोरगी सुमन अमरावतीले कॉलेजात हाये," मी म्हटलं. "नोकरी गेली तं काय करशीन? कर सही अन् मोकळा हो."

"तुले पटते?"

"पटाचं काय त्यात?"

त्यानं सही केली. हंगामात एका म्हाताऱ्यानं सरकी ओंजळीत घेतली, निरखली, "हे माही नाही" म्हणाला आणि तिथंच टाकून गेला. पुढच्या हंगामात जिनिंगचं अंगण रिकामं, एक बंडी नाही. शेठनी तो सहीचा कागद काढला, खापर दादावर फोडलं आणि त्याला घरी बसवलं. सुमनचं कॉलेज सुटलं. दादा गल्लीत सायकली दुरुस्त करू लागला... मला एका शब्दानं बोलला नाही. बोलायला हवं होतं.

शोकसभेत शेठ म्हणाले, "गणपत काळाच्या पुढं पाहे. ते मशीन त्याच्याच पसंतीची." मी पुढच्याच रांगेत होते. उठले नाही.

परवा त्याचा कोट आवरताना खिशात पत्र्याचा बिल्ला निघाला, त्याला बांधलेली सरकीची लहानशी पुरचुंडी. बिल्ल्यावर नंबर आहे. माणूस कोण, ते दादाच सांगू शकला असता. वहिनी म्हणाल्या, "घेऊन जा, परसात लावजा."

मी ती परत खिशात ठेवली. माझी नव्हती.