डाव्या बाजूचे आठ दिवे

रविवार, २४ नोव्हेंबर १९९१. जळगाव, नानांच्या घराचं मागचं अंगण. हजर: मी, नाना, म्हणजे माझे थोरले भाऊ, वहिनी, आणि शेजारचे मिस्त्री, जे आले, चहा प्यायले, "तुमचं चालू द्या" म्हणाले आणि गेले.

माझ्या वहीत त्या पानावर एवढी हजेरी आहे. खाली कामं. कोणत्याही कामाआधी तारीख आणि हजर माणसं लिहायची ही सवय मला नोकरीने लावली. धुळ्याला एका तंत्रनिकेतनात मी विजेच्या प्रयोगशाळेत सहायक होते. विद्यार्थी जोडणी करत, मी तपासत असे आणि काय लागलं, काय नाही ते लिहून ठेवत असे. वीस वर्षं हेच केल्यावर माणूस घरचं वाणसामानही तसंच लिहितो.

खरं तर त्या रविवारी मला झोपायचं होतं. आठवडाभर प्रात्यक्षिक परीक्षा चालल्या होत्या. पण आमच्या घरात वायर असलेली कोणतीही वस्तू बिघडली की मला पोस्टकार्ड येई. विहिरीवरच्या पंपाचा स्टार्टर, मिक्सर, एकदा तर देवळातला भोंगा. मी येते, दुरुस्त करते, भाकरी खाते, परत जाते. कोणी मला बसायला म्हणून बोलावलेलं आठवत नाही. सकाळच्या बसमध्ये पारोळ्यापर्यंत उभी होते, मांडीशी सोल्डरिंगची पिशवी. पारोळ्यानंतर जागा मिळाली तेव्हा झोप उडालेली होती.

या वेळचं पोस्टकार्ड वहिनींचं होतं. नानांची केळीची बाग नशिराबादच्या पुढे. रोज सकाळी जाणं, दिवस कलताना परत येणं, सगळं मोटारसायकलवर. गेल्या हिवाळ्यात परत येताना दोघं पडले होते. नाना सांगत, की मागून आलेल्या ट्रकवाल्याला आपण दिसलोच नाही, त्याने दाबलं म्हणून गाडी डावीकडे घ्यावी लागली आणि तिथे कापसाची बैलगाडी उभी होती. नानांना खरचटलं. मागे बसलेल्या वहिनींचं मनगट मोडलं. आता परत महिनाभरापूर्वी नाना एकटेच घसरले, आणि पुन्हा ट्रकवाल्याचंच नाव. तेव्हा वहिनींनी निर्वाणीचं सांगितलं होतं. एक तर गाडी लांबून दिसेल असे दिवे लावा, नाही तर सावद्याचा एक माणूस गाडी विकत मागतोय, त्याला देऊन टाका. सावदा वहिनींचं माहेर, त्यामुळे ही नुसती धमकी नव्हती.

गाडी गेली तर नानांचं बागेवर जाणं संपलं. मुलगा नोकरीला पुण्यात. रोज दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर हात दाखवत उभं राहणं नानांच्या स्वभावात नव्हतं. म्हणून दिव्यांचं ऐकताच ते लगेच हो म्हणाले होते. त्यांनी इतक्या लवकर हो म्हणावं याचं मला तेव्हा नवल वाटायला हवं होतं.

गाडी जुनी, सहा व्होल्टची. तिच्या बॅटरीला हेडलाइटच जड जायचा. तिच्यावर आणखी बल्ब लादले असते तर महिन्याभरात बॅटरी बसली असती. म्हणून मी आग्रा रोडवरच्या रेडिओच्या दुकानातून लाल एलईडी आणले होते. ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडे मोठे दिवे, वीज जवळजवळ खातच नाहीत. आठ डाव्या लेगगार्डला, आठ उजव्या, चार मागच्या नंबरप्लेटभोवती. घरीच दोन-दोनच्या जोड्या करून, प्रत्येक जोडीला एक रेझिस्टन्स देऊन, वायरवर डकवून आणले होते. ती माळ गवंडी पाण्याची पातळी बघायला वापरतात त्या पारदर्शक नळीत सरकवायची, नळीची टोकं पुटीने बंद करायची आणि नळी लेगगार्डला बांधायची. पाऊस नाही, चिखल नाही.

"काय वं बाई, माही गाडी का वरातीची घोडी करू राह्यली?" नाना बाजेवर बसून बघत होते.

मागच्या चुलीवर कपाशीच्या काड्या पेटवून वहिनी भरताची वांगी भाजत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "घोडी तरी लोकाइले दिसते. तुमी दिसत नाही."

"अन् हे लाल मणी कायले?"

"मणी नाही नाना, दिवा शे हा," मी म्हणाले.

"घ्या! धुळ्याची झाली ही. हाये नाही, शे म्हणे!" नानांनी मिस्त्रींकडे पाहून डोळा मारला. मिस्त्री हसले, बशीतला चहा संपवला आणि तेव्हाच गेले.

दुपारी नळ्या बांधून झाल्या. उजवा लेगगार्ड सरळ होता, डावा आत दबलेला. त्याच्यावर नळी नीट बसेना. डाव्या बाजूचा फूटरेस्टही वाकलेला, डावा इंडिकेटर नवा. मी वहीत लिहिलं: डावा लेगगार्ड ठोकून सरळ करणे. आणि ठोकून सरळ केला. उजवीकडे साधा ओरखडा नव्हता, हे मी पाहिलं आणि त्याचा विचार केला नाही. दमलेला माणूस फक्त हातातलं काम बघतो.

मधेच वहिनींनी हाक मारली. वांगी ठेचायची होती. लाकडी भांड्यात मुसळीने ठेचायला मनगटात जोर लागतो आणि त्यांचं मनगट वाकडंच जुळलं होतं. मी ठेचायला बसले. त्या मिरच्या-लसूण घालत म्हणाल्या, "ताई, तुमाले एक सांगते. ट्रकवाल्याले सगळे शिव्या देतात, पण चूक माही होती. मी कडेला पाय करून बसलेली. पदर सुटला म्हनून हलली. मी हलली म्हनून गाडीचा तोल गेला. हे मले कधी बोलले नाहीत, पण मले माहीत हाये."

"बाई हलली म्हणून एवढी जड गाडी पडत नाही," मी म्हणाले.

"तुमी शिकलेल्या," त्या म्हणाल्या, म्हणजे तुम्हाला कळत नाही.

उन्हं खाली आली तेव्हा वायरिंग संपलं. बॅटरीकडून फ्यूज, फ्यूजकडून हँडलवरचं बटण, तिथून तीन फाटे. तपासणी बाकी होती. एक मुद्दा मी मुद्दाम लिहिला होता: दिव्यांची चमक चालवणाऱ्याच्या डोळ्यांत जाते का. रात्री लेगगार्डवरचा उजेड नजरेच्या कोपऱ्यात टोचत राहिला तर ते दिवे काढून टाकलेले बरे. तेव्हा नानांना गाडीवर बसवलं.

"रस्त्यावर बघता तसं सरळ समोर बघा. भिंतीवरच्या त्या खुंटीकडे. मान हलवायची नाही. बाजूला काय दिसतं तेवढं सांगा."

"परीक्षा घेऊ राह्यली का माही?"

"हो. बसा नीट."

मी सीटखाली डोकं घालून फ्यूज लावला. "उजवे?"

"लागले. टोचत नाहीत."

"डावे?"

"डावे नाही लागले."

एलईडी उलटा जोडला तर जळत नाही, पण पेटतही नाही. प्रयोगशाळेत विद्यार्थी ही चूक दररोज करतात आणि मी दररोज त्यांना बोलते. घाईत मीच केली असणार. डाव्या फाट्याची टोकं सोडवली, उलटी केली, पुन्हा डकवली.

"आता?"

"नाही."

म्हणजे आधीचंच बरोबर होतं आणि सांधा कच्चा होता. पुन्हा टोकं फिरवली, या वेळी भरपूर सोल्डर दिलं. मान अवघडली, गुडघे फरशीवर दुखायला लागले. सहाची बस चुकणार हे दिसत होतं.

"आता?"

"नाही वं. राहू दे ना बाई. एका बाजूचे पुरेत."

एका बाजूचे पुरेत म्हटल्यावर मला राग आला. पुरेत हा शब्द मी कामात कधी खपवून घेतलेला नाही. प्रत्येक सांधा पुन्हा बोटाने चाचपायचा म्हणून मी सीटखालून डोकं काढलं आणि लेगगार्डकडे वळले.

डावे आठही पेटलेले होते. कलत्या उन्हातसुद्धा स्वच्छ दिसत होते. नाना सरळ खुंटीकडे बघत होते, सांगितलं होतं तसं, मान न हलवता.

हातातला पाना त्यांच्या डाव्या बाजूला, खांद्यापासून दोन हातांवर धरला आणि हळूहळू पुढे नेत गेले. जवळजवळ त्यांच्या नाकासमोर येईपर्यंत त्यांना तो कळला नाही. कळला तेव्हा ते दचकले.

वीस वर्षं मी मुलांना एकच गोष्ट शिकवली होती. लागला की नाही हे दुसऱ्याला विचारून लिहायचं नाही, स्वतः बघायचं. घरच्या माणसाच्या बाबतीत मी ते विसरले होते.

"कधीपासून?" मी विचारलं.

ते गाडीवरून उतरले नाहीत. हँडल धरूनच बसले. "पहिले जरासं होतं. धुकं असल्यासारखं. दोन दिवाळ्या झाल्या."

दोन दिवाळ्या. पडले ते गेल्या हिवाळ्यात. मी मोजतेय हे त्यांना कळलं असावं.

"ट्रक नव्हताच वं," ते हळू म्हणाले. "बैलगाडी होती डाव्या अंगाले. मले दिसलीच नाही. एकदम बैलाची शिंगं दिसली."

"आणि महिनाभरापूर्वी?"

"तवा मैलाचा दगड."

चुलीकडून वहिनींचा आवाज येत होता, त्या कोणत्या तरी शेजारणीशी कोथिंबिरीबद्दल बोलत होत्या. नानांनी माझ्याकडे पाहिलं. मान पूर्ण वळवून पाहिलं. आता ते मला दिसायला लागलं, की ते प्रत्येक गोष्टीकडे असं वळूनच बघत. मी ते वयाचं समजत आले होते.

"बाग निसवू राह्यली," ते म्हणाले. केळीच्या घडांनी तोंड काढलं होतं, हेच त्यांना सांगायचं होतं. "एवढी कापणी होऊ दे. मंग मी सोताच देऊन टाकतो गाडी."

"कापणीपर्यंत किती महिने?"

केळीचे महिने आम्हा दोघांनाही पाठ होते.

मला भांडायचं होतं, पण तेवढी ताकद नव्हती. मी हात पुढे केला. मग त्यांनी किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली.

तेवढ्यात वहिनी पदराला हात पुसत आल्या. लेगगार्डवरचे सोळा, मागचे चार, सगळे पेटलेले. त्यांनी दोन्ही हात गालांना लावले. "आई गं! काय दिसते! आता सावद्याच्या मानसाले नाही म्हनून कळवते."

"आजच कळवू नका," मी म्हणाले. "एक काम राहिलंय. ते होईपर्यंत गाडी बाहेर काढायची नाही. किल्ली मी नेते."

"सगळे तर लागले."

"वहिनी, मला कळतं त्यातलं."

त्यांनी नानांकडे पाहिलं. नाना बाजेवर जाऊन बसले होते आणि भरीत झालं का म्हणून विचारत होते. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, भरीत, कांद्याची पात. तिघं जेवलो. भरीत चांगलं झालं होतं असं सगळे दोन-दोनदा म्हणालो.

बाकीचं थोडक्यात. पुढच्या रविवारी नाना एसटीने धुळ्याला आले, चष्म्याचा नंबर काढायचा म्हणून. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली थेंबांनी टिकवता येईल, गाडी चालवायची नाही. नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि थेंब दिवसातून किती वेळा एवढंच विचारलं. बसस्टँडवर उसाचा रस घेताना म्हणाले, "डोळ्याचं तू सांग तिले. मनगटाचं मी सांगीन. ते माह्या तोंडून गेलं पाहिजे."

मी बरं म्हणाले. ते मला योग्य वाटलं, आजही वाटतं.

माझं काम मी त्याच आठवड्यात केलं. वहिनी रडल्या, मग लगेच थेंबांच्या वेळा चुलीवरच्या भिंतीवर कोळशाने लिहिल्या. गाडी दिव्यांसकट सावद्याला गेली. बाग नाना आता दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर जाऊन बघतात, आणि आठवड्यातून चारच दिवस. वहिनींच्या हिशेबाने डोळे दिवे लावले त्या हिवाळ्यात गेले. त्याच्या आधीचं पडणं त्या डोळ्यांना जोडत नाहीत.

मी गेले की दर वेळी नाना मला दारापर्यंत सोडायला येतात आणि मी विचारायच्या आत सांगतात, "सांगतो वं. या टायमाले सांगतो." मी बस गाठते. पुन्हा जाते, पंपाचा स्टार्टर बघते, भाकरी खाते. वहिनी भाकरी आता पोळपाटावर लाटून करतात, थापत नाहीत. मागच्या महिन्यात त्यांची एक भाची आली होती, तिने हाताला काय झालं म्हणून विचारलं. वहिनी हसून म्हणाल्या, "मीच हलली वं गाडीवर." नाना तिथेच बसले होते. त्यांनी मान खाली घालून सुपारी कातरली. मीही तिथेच होते.

वहीत ती ओळ अशी आहे: मनगटाचं वहिनींना सांगणे. पुढे, काम कोणी करायचं त्या जागी, नानांचं नाव लिहिलेलं. प्रत्येक नव्या वहीत मी ती उतरवून घेते. या वर्षीच्या वहीत नावाची जागा मोकळी ठेवली आहे.