विसणाचं पाणी
चुलीवर तापवलेल्या पाण्याला धुराचा मंद वास असतो. तो आला की सोलापुरातला एक उन्हाळा आठवतो. शुक्रवार पेठेत पटकीने माणसं दगावत होती आणि थोरली बहीण बाळंतपणासाठी आमच्याकडे आलेली होती. तिला उकळलेलंच पाणी द्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आई रोज पहाटे आडाचं पाणी फडक्यातून गाळून हंड्यात खळखळून उकळत असे. एका सकाळी डॉक्टर बाळाला पाहायला आले. त्यांच्यासमोरच आईने पेल्यात वाफाळतं पाणी ओतलं आणि अंघोळीच्या पाण्यात घालतात तसं आडाच्या गार पाण्याचं विसण घातलं. “मावशी, हे काय करताय?” डॉक्टरांनी विचारलं. “विसण घालते की. ओल्या बाळंतिणीला कढत पाजू व्हय?” “मग उकळलंत कशाला?” “तुमीच सांगितलं म्हणून!” बहीण हसली. डॉक्टर मात्र गंभीर झाले. पटकीचे जंतू उकळून मारले तरी विसणाच्या कच्च्या पाण्यातून ते पुन्हा पेल्यात येतात, हे त्यांनी सावकाश समजावलं. “कधीपासून देताय असं?” “पयल्या दिसापासनं,” आई हळू म्हणाली. बहीण हातात आलेला पेला सवयीने तोंडाला लावणार, तोच आईने तो काढून घेतला आणि स्वतः पिऊन टाकला. “आता तिला हुईल ते मला बी हुईल,” ती म्हणाली. दोघींनाही काही झालं नाही. आईला डॉक्टरांचं बोलणं कळलंच नव्हतं, असं मी पुष्कळ वर्षं मानत होतो. आता वाटतं, त्या खोलीत ते सगळ्यांत नीट तिलाच कळलं होतं.