मिटलेले डोळे

साठच्या दशकात दुबईच्या खाडीकाठी आमच्या झावळ्यांच्या खोलीत आफ्रिकी वंशाचा एक खलाशी राहायचा. जुन्या शिडाच्या कापडावर तो गुलाम म्हणून आणलेल्या आपल्या पणजीचं चित्र काढत होता. डोळ्यांची जागा तेवढी कोरी ठेवली होती. "डोळे ती स्वप्नात येऊन दाखवील," म्हणायचा. रंगात तो माशाचं तेल कालवायचा. त्या घाणीने मला ओकारी यायची.

तो समुद्रावर गेला असताना कुणीतरी ते कापड संडासाला पडदा म्हणून लावलं, असं मी आजवर सांगत आलो. मीच लावलं होतं. "भुताला जागा मिळाली रे!" म्हणून सगळ्यांना हसवलंही. आठवलं की स्वतःचीच शिसारी येते.

परतल्यावर त्याने कापड धुतलं. काही दिवसांनी डोळे रंगवले, घट्ट मिटलेले.

"पणजी आली होती, भाई," तो मला म्हणाला. "वासाने तिने डोळे उघडलेच नाहीत."