आधी मी उतरतो

तोमाश गेला त्याला सहा आठवडे झाले. आखातात, मुसफ्फातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये त्याने मला शेवटचं विचारलं होतं, "शकीलभाई, मी कामगार वाटतो का?" हेल्मेट तिरकं, बूट उसने. मी म्हटलं, "चार वर्षं गावी गेला नाहीस असं तोंड कर, मग वाटशील." हसत तो टाकीच्या शिडीकडे वळला.

तो झेक, छोट्या गावातल्या नाटक मंडळीत वाढलेला नट. सिनेमात त्याच्या वाट्याला बहुतेक प्रेतंच आली. निपचित पडून राहण्यात आपला हात कोणी धरणार नाही, असं तो अभिमानाने सांगे. एकदा दिग्दर्शकाने त्याच्या मित्राला गोठलेल्या तळ्यावर धावायला लावलं. बर्फ फुटलं, मित्र वाचला, पण पायाची बोटं गेली. तेव्हाच तोमाशने ठरवलं की आपण दिग्दर्शक व्हायचं, आणि नटाला सांगण्याआधी प्रत्येक गोष्ट स्वतः करून पाहायची. तिकडे नवख्याला विचारतो कोण? म्हणून इकडे येऊन तो कंपन्यांसाठी सुरक्षिततेच्या फिल्म करू लागला. आमची तिसरी. अल रीम बेटावरच्या भाड्याच्या खोलीत मला चहा पाजून तो आपल्या भावी मोठ्या सिनेमाची गोष्ट ऐकवायचा. मला तो फार आवडायचा.

त्या दिवशी आधी माझा शॉट होता. मी खराखुरा सेफ्टी सुपरवायझर. टाकीतली हवा मीटरने तपासून 'सेफ' म्हणायचं, एवढंच. माझा मदतनीस सुरेश म्हणाला, "भाई, शूटिंगच आहे, मीटर चालू कशाला करताय? त्याची पीं पीं रेकॉर्डिंगमध्ये येईल." बावीस वर्षांच्या नोकरीत सख्ख्या भावालाही मी हवा न तपासता उतरू दिलं नसतं... पण मी बंद मीटर धरला आणि 'ओके, सेफ' म्हणालो. वेल्डिंगचा आर्गन वायू प्राणवायूला हुसकून टाकीच्या तळाशी साचून होता. त्याला ना रंग, ना वास.

पुढचा शॉट बेशुद्ध पडणाऱ्या कामगाराचा. "आधी मी उतरतो," तोमाश म्हणाला. तळाशी पोचला, दोन पावलं चालला, गुडघे दुमडून पडला. आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. "यल्ला, खलास, उठा आता," सुरेश म्हणाला. मास्क आणून त्याला वर काढेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

चौकशीत विचारलं, हवा तपासली होती? मी 'हो' म्हणालो. माझा शॉट पुरावा ठरला, आणि आता नव्या माणसांना तोच दाखवतात. त्यात तोमाश दिसत नाही. मी 'सेफ' म्हणतो आणि कॅमेऱ्यामागून त्याचा आवाज येतो, "छान, शकीलभाई."

काल ट्रेनिंग रूममध्ये तीस नवे कामगार बसले होते. तो आवाज आला आणि मला बसवेना. मी उठून फिल्म मागे नेली, थांबवली, मीटरच्या काळ्या काचेवर बोट ठेवलं. "ये मीटर बंद था," मी म्हणालो. "मैंने झूठ बोला."

मागे बसलेले मॅनेजर उठले, बाहेर कोणी ऐकत नाही ना ते त्यांनी पाहिलं आणि दार आतून लावून घेतलं.